तीन लाल ठिपके

"पेशी हा सजीवांचा रचनात्मक आणि कार्यात्मक मूलभूत घटक आहे." हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा ऐकलंय, की घरी कणीक मळताना मागे उभं राहून कुणीतरी ते म्हणतंय असा मला भास होतो. परभणीतल्या एका नर्सिंग स्कूलमध्ये मी पहिल्या वर्षाच्या मुलींना शरीररचना शिकवते. पूर्णेहून रोज रेल्वेनं येते, आणि गाडीनं कृपा केली तर पहिल्या तासाला पोचते. पहिला धडा दरवर्षी पेशीचाच असतो. चाळीस मुली, एक सूर, एक वाक्य.

"बरं, पेशी असतात कुठं?" मी विचारते. मुली पुस्तकाची पानं उलटायला लागतात. त्या वर्षी एका धीट मुलीनं उत्तर दिलं, "दुसऱ्या धड्यात, मॅडम."

यावर हसावं की खडू फेकून घरी जावं, हे मला कळलं नाही. उद्या या मुली कुणाच्या तरी शिरेत सुई घालणार आहेत. मी विचारलं, "रुग्णाला सलाईन देतो, त्यात मीठ कशाला? साधं शुद्ध पाणीच शिरेतून का देत नाही?" पुन्हा रचनात्मक आणि कार्यात्मक. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "कैरीला मीठ लावलं की तिचं पाणी बाहेर येतं. मंग बिनमिठाचं पाणी आत जात आसंल. फुगून फुटत आसंल."

"कोण बोललं? मोठ्यानं बोला!" मी ओरडले. ओरडायचं कारण नव्हतं, उत्तर बरोबरच होतं, पण तोवर माझा पारा चढलेला होता. मागच्या बाकावरच्या मुलीनं मान खाली घातली आणि तास संपला.

ती मुलगी सोनपेठकडच्या एका खेड्यातली होती. मागच्या वर्षी तोंडी परीक्षेत तिनं तोंडच उघडलं नाही म्हणून तिचं वर्ष गेलं होतं. आमच्याकडे बाहेरच्या परीक्षक येऊन ही तोंडी घेतात, आणि त्यात नापास झालं तर वार्षिक परीक्षेचा फॉर्मच भरता येत नाही. या वर्षी तिचा भाऊ तिला सोडायला आला, तेव्हा तिच्यादेखत मला म्हणाला, "मॅडम, ह्या साली झाली पास तर ठीक. न्हाईतर मी घरी नेतो. स्थळं यायलीत." ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत उभी होती. मी त्याला म्हटलं, "बघू." शिक्षकांचा हा फार सोयीचा शब्द आहे.

आमच्या शाळेत मायक्रोस्कोप आहे. एकच आहे, आणि तो कपाटात असतो. तपासणीला कुणी आलं की टेबलावर येतो, ते गेले की पुन्हा कपाटात. किल्ली क्लार्ककडे. तीन आठवडे मी त्याच्या टेबलाभोवती घिरट्या घातल्या.

"बाई, ह्ये नाजूक काम हाय. फुटलं तर जिम्मेदार कोन?"

"मी."

"तुमी आसं करा, फळ्यावर काढून दाखवा. लय भारी काढता तुमी चित्र."

शेवटी दिवाळीनंतर 'काही झाल्यास जबाबदारी माझी' असं कागदावर लिहून दिलं, तेव्हा कुठं ते यंत्र वर्गात आलं. प्लास्टिकची पिशवी, त्यावर फडकं, फडक्यावर दोरा. नव्या नवरीलाही इतकं झाकत नाहीत.

मुलींना मी आइस्क्रीमच्या काडीनं गालाची आतली बाजू हलकेच खरवडायला लावली. ते काचपट्टीवर पसरलं, निळ्या रंगाचा थेंब सोडला, वर पातळ काच ठेवली. "तुमच्याच तोंडातल्या पेशी आहेत. पुस्तक बाजूला ठेवा. जे दिसेल तेच जर्नलमध्ये काढायचं," असं मी दहा वेळा सांगितलं. रांग लागली. प्रत्येक मुलगी वाकायची, अर्ध्या मिनिटात "दिसलं मॅडम" म्हणून सरळ व्हायची. एकीनं तर जो डोळा भिंगाला लावला होता तोच मिटलेला होता. तिलाही दिसलं.

सोनपेठकडची मुलगी मात्र वाकली ती हलेचना. पट्टी इकडे सरकव, तिकडे सरकव, मग वरचं भिंगच धरून गोल फिरव. मागच्या मुली कुरकुरायला लागल्या. मला जेवायची सुट्टी व्हायच्या आत रांग संपवायची होती. "चल पुढं, जत्रेतला सिनेमा नाही हा," मी म्हणाले. ती काहीतरी विचारणार होती. मी पुढच्या मुलीला हाक मारली.

दोन दिवसांनी जर्नलांचा ढीग माझ्या टेबलावर आला आणि मी कपाळावर हात मारला. एकोणचाळीस जर्नलांत गाईडमधलं चित्र, जसंच्या तसं. गोल गरगरीत पेशी, आत पट्ट्यापट्ट्यांचे मायटोकॉन्ड्रिया आणि चौफेर बाण. आमच्या त्या साध्या यंत्रातून या पट्ट्या जन्मात दिसणार नाहीत. मुलींना ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तरी मी एकेक पान उलटत एकोणचाळीस सह्या ठोकल्या, कारण संध्याकाळची गाडी होती आणि भांडायचं त्राण नव्हतं.

चाळिसावं जर्नल तिचं. पेन्सिलीनं काढलेला एक वेडावाकडा तुकडा, पापड वाळताना एका बाजूनं मुडपतो तसा मुडपलेला. मधे एक गडद ठिपका. आणि कडेला, लाल पेन्सिलीनं, तीन बारीक दाणे. बाण नाही, नाव नाही. मी चिडलेच. दिवसभराचा सगळा राग त्या पानावर निघाला. लाल पेननं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारली आणि खाली लिहिलं, 'चित्र पुस्तकाप्रमाणे काढणे.' सही केली.

दुसऱ्या दिवशी ती जर्नल घेऊन आली. "मॅडम, तुमी म्हनला व्हता, जे दिसंल ते…"

"पेशीत लाल दाणे असतात का? कुठल्या पुस्तकात बघितलेस?"

"पुस्तकात न्हाईत, मॅडम."

"मग?"

तिनं जर्नल मिटलं. पुढच्या पानावर गाईडमधलं चित्र आलं, सगळ्या बाणांसकट. मी त्याखालीही सही केली.

माझे वडील पूर्णा जंक्शनवर सिग्नल खात्यात होते. घरात जुन्या रूढींना त्यांनी थारा दिला नाही, आणि आम्हा भावंडांना एकच गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगितली, "सिग्नल हिरवा हाय असं धा जनांनी सांगू दे. आपल्या डोळ्यांनी बघितल्याबिगर मान हलवायची न्हाई." मुलींना मी त्यांची ही गोष्ट दरवर्षी सांगते. त्या वर्षीही सांगितली होती.

फेब्रुवारीत तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम वयस्कर, बुटक्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आल्या आल्या मायक्रोस्कोप मागितला. क्लार्कनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच चहाडी केली होती. त्यांनी स्वतः पट्टी तयार केली, डोळा लावला, थोडा वेळ बघितलं आणि मुलींना एकेक करून बोलावलं. नियमाप्रमाणे मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. मला बोलायची परवानगी नव्हती.

"बघ. कडेला लाल दाणे दिसतात ना? ते काय आहे?"

लाल दाणे हे शब्द ऐकले आणि मला ती फुली आठवली.

पहिली म्हणाली, "मायटोकॉन्ड्रिया, पेशीचं ऊर्जाघर." दुसरी तेच म्हणाली. तिसरीनं रायबोसोम सांगून जरा वेगळेपणा दाखवला. धडाधड उत्तरं येत होती, खणखणीत आवाजात, आणि प्रत्येक उत्तराला मी खुर्चीत आणखी खाली जात होते. आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि इथं आड मीच होते.

मग ती आली. वाकून बघितलं. पट्टी सरकवली. परीक्षक मॅडमनी पुन्हा विचारलं. ती भिंगावरचा डोळा काढेना. खिडकीतून मला फाटकाजवळ तिचा भाऊ मोटारसायकलवर बसलेला दिसत होता. बोल गं बाई, मी मनात म्हणत होते, काहीही बोल, मायटोकॉन्ड्रिया म्हण.

"मॅडम," ती म्हणाली, "पट्टी सरकवली की पेशी सरकतेय. दाने सरकत न्हाईत." तिनं हात पुढं केला. "वरचं भिंग फिरवलं की दाने फिरतेत. म्हंजे ते पेशीतले न्हाईतच. भिंगावरचे हायत."

परीक्षक मॅडमनी वरचं भिंग उपसून काढलं, पांढऱ्या रुमालाच्या टोकानं आतून पुसलं आणि रुमाल पुढं धरला. लाल डाग. दारात घुटमळणारा क्लार्क बिनधास्त बोलला, "कुंकू हाय, मॅडम. खंडेनवमीला भिंगं काढून पुसली, हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. नर्सिंगवाल्यांचं हत्यारच हाय की ते." त्या दिवशी मी रजेवर होते. दुसऱ्या दिवशीच्या धम्मदिनासाठी आमच्याकडे विहाराची झाडलोट होती. पूजेचं मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत त्या भिंगातून मी स्वतः एकदाही बघितलं नव्हतं, हेही खरं. मी रांग सांभाळत होते.

परीक्षक मॅडमनी तिचं जर्नल उघडलं आणि ते फुलीचं पान समोर आलं. तुकडा, ठिपका, तीन लाल दाणे. त्यावर माझी फुली, खाली माझं अक्षर.

"हे बरोबर होतं. कुणी खोडलं?"

"माझंच चुकलं व्हतं, मॅडम," ती म्हणाली. लगेच, न अडखळता. अख्ख्या वर्षात तिनं पाठ करून म्हटलेलं हे एकच वाक्य, आणि ते मी शिकवलं होतं.

माझा राग त्या क्षणी असा उसळला की नियम वगैरे सगळं विसरले. "खोटं बोलतेय ती. मी खोडलंय. सही माझी आहे," मी म्हणाले. परीक्षक मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि गुणतक्त्यात तिच्या नावापुढं वर्गातले सगळ्यात जास्त गुण लिहिले.

मुली पांगल्यावर मी तिला थांबवून जर्नल मागून घेतलं. फुलीच्या शेजारी 'बरोबर' असं लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि पान तिच्यापुढं धरलं. तिनं ते वाचलं. खाली भाऊ हॉर्न वाजवत होता.

"खाली जाऊन भावाला सांग, तोंडीत पास झालीस म्हणून," मी म्हणाले.

"सांगते." तिनं जर्नल पिशवीत घातलं. दारापाशी जाऊन वळली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पर मॅडम, त्या दिवशी तुमी एकदा वाकून बघितलं आसतं तरी झालं आसतं."