देवळावरून गेलेली होडी

माझी पुतणी सृष्टी गंगापूर धरणाच्या काठी, झेंडूच्या वावरात वाढली. तिचे वडील, म्हणजे माझे दीर, सकाळी फुलांच्या पाट्या घेऊन नाशिकच्या बाजाराला निघत, तेव्हा ही पाण्याच्या कडेला. पुढे दोन हजार तीन साली नौदलातून निवृत्त झालेल्या गायधनी सरांनी तिथे मुलांसाठी शिडाच्या छोट्या होड्या आणल्या. एका होडीत एकच मूल. इंजिन नाही, वल्हं नाही. शिडात वारा धरायचा आणि पळायचं. सृष्टी होडी पळवायला लागली की सर शिट्टी वाजवायचं विसरून बघत राहत.

दोन वर्षांनी सरांनी सांगितलं, सिंगापूरला मुलांच्या शर्यती आहेत आणि आपल्याकडून एकालाच जाता येईल. त्यासाठी दोन दिवस इथेच शर्यती ठेवल्या. सृष्टीने तेव्हापासून दुसरा विषयच काढला नाही. भाकरी थापतानासुद्धा सिंगापूर.

पहिल्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढे होती. शेवटचा टप्पा, वारा पाठीशी, समोर शेवटची खूण, पाण्यावर तरंगणारी लाल बोया. आणि ही सरळ जायची सोडून भलतीकडे वळली, लांबून वळसा घालून आली. तोवर चौघे पुढे गेले. पुढच्या शर्यतीतही तेच.

सर काठावरून ओरडले, "अगं, बोया इकडे! तू काय कांदे घ्यायला सटाण्याला निघालीस?"

संध्याकाळी सर कारण विचारायला घरी आले. ओट्यावर माझ्या सासूबाई, नवसाबाई, माळा ओवत बसल्या होत्या. मी चहा ठेवला. सृष्टी अखेर बोलली, "सर, तिथं खाली खंडेरावाचं देऊळ आहे. धरणात बुडालेलं. कळसावरून होडी कशी नेऊ? आमच्यातलं कुणीच नेत नाही. आजोबासुद्धा त्यांची नाव वळसा घालून न्यायचे."

सरांनी कपाळाला हात लावला. देवाचं काम.

सासूबाईंच्या हातातली सुई थांबली आणि त्या हसायलाच लागल्या. "आगं बये! देव कुठाय तिथं? पाणी चढायच्या आधी तुझ्या आज्यानं आन् मी मूर्ती बैलगाडीत घालून वर आणली. रोज सकाळी फूल वाहतीस, तो कोन मंग?"

"मला वाटलं, वरची मूर्ती नवी आहे."

"नवी म्हनं! माझ्या मांडीवर बसून आलाय देव. गाडी हिसकायची तसा लय जड लागायचा."

"मग आजोबा वळून का जायचे?"

सासूबाईंनी सुईत पुढचं फूल ओवलं. मग म्हणाल्या, "देवळाम्होरंच आपलं घर व्हतं. त्याला त्यावरून जाववत नव्हतं. त्याचं बघून बाकीचे वळाया लागले. तुला काय त्याचं? आपलंच आंगन हाय खाली. पळ की खुशाल!"

सृष्टी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "आजीनं सांगितलं ना? देवाला नमस्कार कर आणि जा."

दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः काठावर आल्या. एवढ्या वर्षांत त्या पाण्याकडे फिरकल्या नव्हत्या. शेवटच्या टप्प्यात सृष्टीचं शीड सरळ देवळाच्या जागेकडे निघालं. मी मनात खंडेरावाचं नाव घेत होते. सासूबाई मात्र ओरडत होत्या, "आता ओसरी... आता तुळस... आलं गं बाई दार!" सर एकदा पाण्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते.

त्या दिवसाच्या सगळ्या शर्यती सृष्टीने जिंकल्या. दोन्ही दिवसांची बेरीज करून सरांनी सिंगापूरसाठी तिचं नाव सांगितलं तसे माझे दीर, एरवी मोजकं बोलणारे, बाजारातल्यासारखे ओरडले. सासूबाईंनी उरलेला झेंडू सरांच्या टोपीवर उधळला.

सिंगापूरला पहिल्या दिवशी तिचा नंबर मधलाच कुठेतरी आला. फोन आला तेव्हा आम्ही सगळे एका रिसीव्हरला कान लावून होतो.

"काकू, इथलं पाणी खारट आहे गं! तोंडात गेलं की शीऽ होतं. पण होडी काय हलकी तरंगते! उद्या पुन्हा शर्यत आहे. ठेवते, वारा सुटलाय."