तिरकीची उडी

तिला चांगलं कागदोपत्री नाव होतं, पण पाचव्या मजल्यावर ते कुणाच्या तोंडी नव्हतं. सगळ्यांसाठी ती तिरकी. आणि तिला तिरकी केलं ते समोरच्या काकूंच्या चपलांच्या कपाटाने.

पोरीला सातव्या वर्षी बॉलिंगचं वेड लागलं आणि मैदान होतं बसने पाऊण तासावर. उरला मजल्यावरचा लांबलचक पॅसेज. बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून आले की तेलकट कपड्यांतच एका टोकाला बॅट घेऊन उभे राहायचे. दुसऱ्या टोकाकडून ही धावत यायची आणि बॉल सोडायच्या ऐन दोन पावलं आधी ते कपाट आडवं यायचं.

"काकू, वीतभर सरकवा ना," बाबांनी एकदा विनवलं.

"माझ्या लग्नातलं आहे ते! ते नाही हलायचं. तुमची मुलगी हलेल."

आणि मुलगी हलली की हो! धावता धावता टुणकन उजवीकडे उडी, कपाट चुकवायचं आणि तिथूनच बॉल. कितीतरी वर्षं हेच. पुढे खरं मैदान मिळालं, क्लब मिळाला, तरी उडी काही सुटेना. समोरच्या बॅटरला वाटे, ही आता पडणार. तेवढ्यात बॉल स्टंपावर. वर बॅटही अशी चालायची की पाहुण्या संघाच्या तोंडचं पाणी पळावं. एकोणिसाव्या वर्षी बाईसाहेब देशाच्या संघात!

तिथे कोचने लॅपटॉप उघडला. "ही मधेच उडी कशाला मारतेस?"

"कुठली उडी, सर?"

तिला ठाऊकच नव्हतं! पडद्यावर स्वतःला मोकळ्या मैदानात, नसलेलं कपाट चुकवताना पाहिलं आणि ती कानापर्यंत लाल झाली. आता एवढ्या मोठ्या माणसाला चपलांचं काय सांगायचं? "सवय आहे," एवढंच पुटपुटली.

"मोड ती. सरळ धाव."

ती सरळ धावली आणि सगळंच वाकडं झालं. दोन सामन्यांत सात ओव्हर, त्र्याऐंशी धावा, विकेट म्हणाल तर शून्य. त्या धास्तीने बॅटही रुसली. तिसऱ्या सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी विश्वचषकासाठी पंधरा जणी निवडायच्या होत्या. म्हणजे आज जमलं तर जमलं, नाहीतर गाशा गुंडाळून घरी.

त्या दिवशी बॅट बोलली. एकोणीस बॉलमध्ये चौतीस! पाचव्या मजल्यावर काकूंनी स्वतःच्याच सोफ्यावर बुक्क्या मारल्या. पण खरी गंमत पुढेच. शेवटची ओव्हर, समोरच्यांना हव्या नऊ धावा, आणि वेगवान बॉलरच्या पोटरीत गोळा आलेला. कॅप्टनने बॉल टाकला तिरकीच्या हातात.

पहिला बॉल, सरळ धावून. चौकार! दुसरा, सरळ. एक धाव. चार बॉल, चार धावा.

कॅप्टन तरातरा आली. "अगं बाई, क्लबात टाकायचीस तशी टाक ना! त्या उडीने माझी दोनदा दांडी उडवली आहेस तू."

"पण सर..."

"सर कुंपणाबाहेर आहेत. इथे मी आहे. मार उडी!"

मारली! बॅटर पुढे सरसावली, बॉल तिच्या बगलेतून मागे, विकेटकीपरने स्टंप उडवले. चौथा बॉल, बॅट हवेतच फिरली. पाचव्यावर दोन धावा निघाल्या. आता एक बॉल, दोन धावा. तिकडे घरी बाबा टीव्हीकडे पाठ करून उभे. "झालं का? झालं का?"

"अहो, तिला टाकू तर द्या!" आई ओरडली.

सहावा बॉल. बॅटरने असा सणसणीत सरळ हाणला की अंपायर खाली बसला. तिरकीच्या हाताला लागून बॉल उडाला वर. ती मागे पडता पडता एका हाताने पकडायला गेली, सुटला, छातीवर आदळला, आणि दोन्ही हातांनी तिने तो पोटाशी असा धरला की कॅप्टनला ओढूनही सुटेना. एका धावेने जिंकल्या!

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला कोच यादी घेऊन आले. उडीबद्दल अवाक्षर नाही. आधी बॅटरांची नावं. तिचं नाही. मग विकेटकीपर. मग बॉलर, एकामागून एक. त्यातही नाही. तिरकीने खुर्ची मागे सरकवली आणि डोळे लपवत बॅग भरायला दाराकडे निघाली.

"कुठे निघालीस?" कॅप्टनने मागून जर्सी धरली.

"सामान आवरायला. संपली ना यादी."

"अगं येडे, ऑलराउंडर शेवटी वाचतात!"

अख्खं टेबल खो खो हसलं. कोचनी चष्म्यावरून पाहिलं. "पहिलंच नाव या बाईंचं. बसतात का आता, की दारातूनच ऐकणार?"

तिरकी बसायला गेली ती थेट कॅप्टनच्या मांडीवर.