माझ्या लेकीला सुई टोचली नाही

"चौदा महिन्यांचं लेकरू धड बसत नाही, अन् तुला आत्ता जाग आली? झोपली होतीस का इतके दिवस?"

जालन्याच्या डॉक्टरांनी हे भरल्या दवाखान्यात विचारलं. रांगेतल्या बायका वळून बघू लागल्या. माझ्या हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते, ते मी पदराखाली घेतले. लाज मलाच वाटली. तेव्हा तशी सवयच होती.

मग त्यांनी सांगितलं. गळ्यातली एक ग्रंथी जन्मापासूनच काम करत नाही. रोज एक बारीक गोळी दिली असती तर पोरगी चारचौघांसारखी वाढली असती. "जन्मल्यावर टाचेतून दोन थेंब रक्त घेतलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. आता गोळी सुरू करू. पण मेंदूचं झालेलं नुकसान भरून यायचं नाही."

टाच टोचताना मी पाहिलं होतं. दुसऱ्याच्या लेकराची.

मला फडात ऊस तोडतानाच कळा सुरू झाल्या होत्या. मुकादमाने अंबडकडच्या एका खाजगी दवाखान्यात नेऊन टाकलं. पलीकडे स्पेशल खोलीत एका बागायतदाराची सून होती. तिसऱ्या दिवशी सिस्टरने तिचं बाळ आमच्या खोलीतल्या टेबलावर आणलं, टाच टोचली, रक्ताचे थेंब एका कागदावर उतरवले. बाळ किंचाळलं. मी विचारलं, "ताई, माझ्या लेकीचं?"

"ते स्पेशलवाल्यांचं असतं. तुमची लेकरं काटक. त्यांना काय धाड भरतीय?"

आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? माझ्या तान्हीला सुई टोचली नाही म्हणून बरं वाटलं. ते आजही घशाखाली उतरत नाही.

महिन्याभरात मी पुन्हा फडात. पोरगी झोळीत. तोडणीवाल्या बाईचं लेकरू रडलं की कोयता थांबतो, मोळ्या कमी पडतात, नवरा बोलतो, मुकादम बोलतो. माझी पोरगी रडायचीच नाही. पाजायलासुद्धा उठवावी लागायची. मुकादम बाकीच्या बायकांना सांगायचा, "लेकरू असावं तं असं. आईला बिलकुल तरास न्हाई." मी फुगून जायचे. तिची कावीळ लवकर उतरली नाही, जीभ बाहेर राहायची, आवाज घोगरा. आम्ही तिला गुणी म्हणत राहिलो. ती आतल्या आत मिटत चालली होती आणि आम्ही तिचं कौतुक करत होतो.

जालन्याहून आल्यावर सासू म्हणाली, "सटवाईनं लिव्हलं ते कुणाला टळलंय?"

मी पहिल्यांदा तिला उलटून बोलले. "सटवाईनं न्हाई लिव्हलं, आत्याबाई. त्या सिस्टरनं टोचलं न्हाई."

पुढं मुलगा झाला, सरकारी दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी सुट्टीचा कागद हातात आला. मी सिस्टरला टाचेचं विचारलं.

"इथं ती तपासणी होत न्हाई. खाट रिकामी कर, दुसरी बाई खाली बसलीय."

खरंच एक ओली बाळंतीण लेकरू घेऊन फरशीवर बसली होती. माझे टाके ठणकत होते. पण मी उठले नाही.

"इथं होत न्हाई तर होतंय तिथं रक्त पाठवा. त्याबिगर मी हलत न्हाई."

"दादागिरी करून राह्यली का? वॉचमनला बलवू?"

"बलवा. पोलिसालाबी बलवा. माझ्या एका पोरीचं आयुष्य गेलंय असल्याच न्हाई-न्हाईत."

खालच्या बाईला मी हात धरून वर ओढलं. एका खाटेवर दोघी, दोन लेकरं. दुपारी मोठे डॉक्टर आले, चिडले, मग कुणाला तरी फोन लावला. दोन्ही लेकरांच्या टाचा टोचल्या. नमुने जालन्याला गेले. इतका वेळ होत नव्हतं, ते अर्ध्या तासात झालं.

मुलाला काही निघालं नाही. पोरगी आता पाच वर्षांची आहे. तिला अजून आई म्हणता येत नाही. रोज सकाळी तिची गोळी पाण्यात विरघळवते आणि रोज माझं काळीज जळतं. हे जळणं कुणी विझवू नये.

यंदा आमच्या टोळीत तीन बायका पोटुशी आहेत. तिघींच्या बाळंतपणाला मी जाणार. सिस्टर ओरडू दे, मुकादम खाडा लावू दे. लेकराचं रक्त घेतल्याशिवाय त्यांतली एकही खाटेवरून उठणार नाही. मी उठू देणार नाही.