दारातून परत गेलेली पुस्तकं

गल्लीत त्यांना सगळे खळमास्तर म्हणत. चाळीस वर्षं पुस्तकं बांधून बोटांना खळीचा वास कायमचा चिकटलेला. छापील पानांचे घडी घातलेले फर्मे शिवायची बायको आणि पुठ्ठा चढवायचे मास्तर. दोघांत भांडण व्हायचं ते दोरा किती ताणायचा यावरून, आणि तेही जेवणापर्यंतच टिकायचं.

मग मास्तरांना हृदयविकाराचा झटका आला. महिनाभर दगदग नको, असं डॉक्टरांनी बजावलं. बायकोने त्या महिन्याचं वर्ष केलं. जिना बंद, वर्तमानपत्र बंद, मोठ्याने हसणंसुद्धा बंद. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही तर पाणीही फुंकायला लागली. तिची स्वतःची झोप उडाली होती, पण ते तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही कुणाला सांगितलं नाही.

गिऱ्हाइकं येतच होती. शाळेच्या ग्रंथपाल बाई, वकिलाचा कारकून, फाटका शब्दकोश छातीशी धरलेले एक आजोबा. ती त्यांना दारातच गाठायची आणि मास्तरांनी काम सोडलं असं हळूच सांगून वाटेला लावायची. आतून मास्तर विचारत, कोण आलं होतं? ती म्हणायची, कुणी नाही, पत्ता विचारत होते. रोज एवढे लोक वाट कसे चुकतात, हे एखाद्याने विचारलं असतं. मास्तर बायकोवर शंका घेणाऱ्यांतले नव्हते.

हळूहळू ते बोलेनासे झाले. आराम पडतोय, असं तिला वाटलं.

एका सकाळी ती औषधं घेऊन परतली तर पुस्तकं दाबायचं यंत्र जागेवर नव्हतं. मास्तरांनी स्वतःच भंगारवाल्याला बोलावून देऊन टाकलं होतं.

"कुणी येत नाही गं आता," ते म्हणाले. "उगाच जागा अडवत होतं."

तशीच ती भंगारवाल्याकडे धावली. यंत्र फोडून झालं होतं. तिथून शाळेत गेली. ग्रंथपाल बाई हळहळल्या, पण त्यांनी कधीच दुसरा माणूस धरला होता. कारकुनानेही तेच सांगितलं. आजोबा कुठे राहतात, हे तिला ठाऊकच नव्हतं.

घरी येऊन ती मास्तरांच्या पायाशी बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. कोण कोण आलं, काय काय घेऊन आलं, तिने काय सांगून परत पाठवलं. "तुम्हाला काही झालं तर मी काय करू, एवढंच डोक्यात होतं हो," म्हणताना तिचा बांध फुटला.

मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"असू दे," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून किती गोष्टी रचशील?"