कोंबड्यांचा पक्का बोगदा

शामरावच्या कोंबड्यांना स्वतःचा बोगदा होता आणि आमच्या कोंबड्यांना नव्हता, एवढ्याच कारणावरून त्या उन्हाळ्यात मला अन्न गोड लागेना.

शामराव म्हणजे आमचा शेजारी. आम्ही दोघे एकाच कचेरीत कारकून. टेबलाला टेबल लागून, घराला घर लागून. (अशा माणसापासून सुटका म्हणजे फक्त झोप. पण तो माझ्या स्वप्नातही यायचा, आणि तिथेही त्याचा सदरा माझ्यापेक्षा पांढरा असायचा!) तेव्हाच्या राजारामपुरीत घरं थोडी आणि मोकळे प्लॉट फार. आमच्या दोघांच्याही घरामागे आधी कोंबड्यांचं खुराडं, मग बायकांनी लावलेली भाजी, आणि भाजीच्या पलीकडे रिकाम्या प्लॉटातलं गवत. कोंबड्यांना गवतावर न्यायचं तर वाटेत मेथी. आणि वाटेत मेथी दिसली असताना कोंबडी सरळ पुढे गेली, असं अजून तरी कुणाच्या ऐकिवात नाही.

शामरावने बुरुडाकडून बांबूच्या कामट्यांचा लांबलचक बोगदा विणून घेतला आणि भाजीतून आडवा टाकला. कोंबड्या खुराड्यातून आत शिरायच्या आणि मेथीकडे नुसत्या बघत बघत थेट गवतावर निघायच्या. पलीकडच्या टोकाला त्याने दोन तोंडं ठेवली होती. आज डावं दार उघडायचं, उद्या उजवं. एका बाजूचं गवत खाऊन होईतो दुसऱ्या बाजूचं वाढायचं. अख्खी गल्ली बघायला लोटली. मीही गेलो आणि "बरं हाय" म्हणालो. ते दोन शब्द घशातून काढताना मला जे कष्ट पडले ते माझे मलाच ठाऊक!

घरी आलो तर बायको दारातच उभी.

"बगितलासा न्हवं? काय डोकं हाय शामरावभावजींचं! वैनींची मेथी कशी तरारलीया!"

"डोकं कसलं त्यात? चार बुट्ट्या जोडल्यात नुसत्या."

"मग तुमी जोडा की चार बुट्ट्या!"

हे मला लागलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या हातच्या एकाही कामाला ही बाई कधी 'चांगलं झालंय' म्हणाली नव्हती. मी ठोकलेल्या खुंटीला ती साधी पिशवीसुद्धा अडकवायची नाही. (खुंटी दोनदा पडली होती, ही गोष्ट वेगळी.) मी ठरवलं की शामरावपेक्षा थोर बोगदा बांधायचा आणि तो शब्द हिच्या तोंडून एकदा ऐकायचाच!

रस्त्याच्या कामावरची डांबराची रिकामी पिंपं मी मिळवली. लोहाराकडून त्यांची बुडं कापून घेतली. पिंपाला पिंप लावून सगळे सांधे सिमेंटने बुजवले आणि सगळं अर्धं जमिनीत गाडून वर मातीचा ढीग घातला. कोंबड्यांच्या पायांना पत्रा टोचू नये म्हणून आत भाताच्या पेंढ्याचं पिंजर अंथरलं. (शामरावने अंथरलं होतं का? नाही!) काम चालू असताना तो कुंपणावरून डोकावला.

"अण्णा, आत उजेड कुटनं येणार?"

"कोंबड्यांस्नी काय पेपर वाचायचाय?"

"तसं न्हवं, पर अंधारात त्या..."

"शामराव, तुमचं तुमच्यापाशी ठेवा. ह्यो पक्का बोगदा हाय. नाद न्हाय करायचा!"

त्याने डोकं कुंपणाआड घेतलं. जळतोय, असं वाटून मी त्या रात्री प्रथमच पोटभर जेवलो.

उद्घाटनाला गल्लीला बोलावलं. नारळ फोडला, कोंबड्या आत सोडल्या आणि आम्ही सगळे दुसऱ्या तोंडाशी धावलो. कोंबड्या काही येईनात. चहा झाला, पान झालं, लोकांनी बसायला घोंगडं मागवलं, तरी कोंबड्या काही येईनात! "बोगदा लांब हाय," मी छाती काढून सांगितलं. संध्याकाळी त्या शिरल्या त्याच तोंडाने बाहेर आल्या आणि मुकाट खुराड्यात गेल्या. गवताचं पातंही कुणी चाखलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून खुराड्यात अंडं म्हणून दिसेना. तिकडे शामरावकडे मात्र अंड्यांची चंगळ. त्यात एके सकाळी त्याने आमच्याकडे वाडगाभर अंडी पाठवली! माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. आमचीच अंडी आम्हालाच! मी तडक कुंपणाशी गेलो.

"शामराव, ही अंडी कुणाची?"

"कोंबड्यांची की, अण्णा."

"कुणाच्या कोंबड्यांची? बोगद्याला भोक पाडून आमच्या कोंबड्या तिकडं वळवल्यासा व्हय?"

हा हा म्हणता गल्ली गोळा झाली. शामरावचा चेहरा पडला. मला फार बरं वाटलं. तेवढ्यात आमच्याच घरातून आवाज आला, "अवो, आधी आत वाकून तर बगा! उगं कुणावर बी आळ घालता!"

मी बॅटरी लावून वाकलो. बोगद्याच्या मध्यावर, पिंजरावर, आमच्या सगळ्या कोंबड्या अंगं फुगवून बसल्या होत्या आणि माझ्याकडे रागाने बघत होत्या. अंधार, गारवा, खाली मऊ अंथरूण! मी चरायला जायचा रस्ता बांधायला गेलो आणि बाळंतिणीची खोली बांधून बसलो होतो. अंडी तर तिथे होतीच, वर दोघीतिघी खुडूक होऊन त्यांच्यावर ठाण मांडून बसल्या होत्या.

"दोन पिंपं उकलू या, अण्णा," शामराव हळूच म्हणाला. "मी येतो मदतीला."

त्याच्यादेखत माझा बोगदा मोडायचा? मेलो तरी नाही! मी सदरा काढला आणि पोटावर सरपटत आत शिरलो.

पहिला सांधा पार केला. दुसऱ्या सांध्यात लोहाराने कापताना पत्र्याची कड ठेवली होती. खांदे गेले, पोट जाईना. मागे यावं तर तेही जमेना. नाकासमोर खुडूक तांबडी. तिने पहिला टोचा मारला आणि मी बोंब ठोकली.

"अण्णा, अडाकलासा काय?"

"न्हाय! विचार करतोय!"

शामरावने आत हात घालून माझे पाय धरले आणि जोर लावला. पायजमा बाहेर गेला. मी तिथेच.

मग माती उकरली गेली आणि पहारीचे घाव सुरू झाले. एकेक घाव माझ्या दातांत वाजत होता. छातीखाली अंडी फुटत होती. पिंप मात्र हलेना, सिमेंट सुटेना.

"काय काम केलंय!" बाहेर कुणीतरी म्हणालं. "पहार उडतीया की!"

"माझा असता तर लाथंसरशी मोडला असता, वैनी," शामराव धापा टाकत म्हणाला. "पर ह्याला म्हणायचं बांधकाम!"

आणि मग माझ्या बायकोचा आवाज आला. ठसक्यात, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"मग! ह्यांच्या हातचं हाय ते. चांगलंच झालंय की!"

माझ्या नाकातून रक्त येत होतं, अंगावर धड कपडा नव्हता आणि बलक कोपरापर्यंत ओघळला होता. पण एवढं सुख मला सबंध संसारात झालं नव्हतं! बाहेर शामरावने पुन्हा पहार उचलल्याचा आवाज आला, तसा मी होता नव्हता तेवढा जीव गोळा करून ओरडलो, "शामराव! खबरदार हात लावशीला तर! एवढा चांगला बोगदा फोडायचा न्हाय! मी ऱ्हातो आत!"