कैरीची शिंप

भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनापासून आम्ही चालायला लागलो त्याला तास होऊन गेला, तरी आईच्या पिशवीत एकही शिंपला नव्हता. वाकायची, उचलायची, पाठीवरून अंगठा फिरवायची आणि "भिकार" म्हणून टाकायची.

मी एक गुलाबी, नक्षीदार शिंपला पुढे केला. "आई, हा बघ किती सुंदर!"

"टीव्हीवर ठेव तुझ्या. कागद हाय तो. घासला तर मोडंल."

घासला? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी समजत होते, नातवंडांसाठी वेचतेय. तिला कैरी सोलायची शिंप हवी होती. जाड शिंपल्याची पाठ दगडावर घासून भोक पाडायचं, की त्या भोकाच्या कडेनं कैरीची साल निघते. आम्ही लहान असताना घरात हेच सोलाणं.

आई, म्हणजे सीताबाई, बहात्तर वर्षांची. पालीच्या आतल्या गावात राहते, माझ्याकडे चार दिवसांसाठी आलेली. बुद्धपौर्णिमेच्या जेवणाला आमच्या वाडीत मुरांबा असतो आणि त्याच्या कैऱ्या वर्षानुवर्षं तीच सोलते. पण यंदा हात थरथरायला लागला, सुरीनं बोट कापलं, आणि करुणावहिनीनं सुरी-विळी दोन्ही वरच्या फळीवर नेऊन ठेवली. यंदा मुरांबा दुसऱ्या कुणाच्या हातचा होणार, या विचारानं तिला जेवण गोड लागेना.

"गावली गो!" आई ओरडली. टोकाच्या खडकावर फतकल मारून तिनं शिंप घासायला घेतली. भोक पडलं तशी पिशवीतून कैरी काढली. माझ्याच फ्रिजमधली.

"न विचारता घेतलीस?"

"आईला विचारावं लागतं काय?"

हात थरथरत होता आणि त्या थरथरीनंच शिंप सालीवर भराभर चालत होती. "बघ, आता थरथर पण कामाला लागली," असं म्हणून ती खो खो हसली.

मग म्हणाली, "करुणेला फोन लाव. सांग, आईचा हात बरा झाला."

"आई, सकाळीच दोघींनी पंचशील म्हटलं ना? खोटं कसं सांगू?"

तिनं सोललेली कैरी माझ्या हातात दिली.

"बरं बाय, खरं तेवढंच सांग. सीतेनं शिंपेनं एक कैरी सोलली, रगत नाय आलं. यंदाच्या कैऱ्या मी येईपर्यंत कुणाला देऊ नको म्हणावं. एवढं सांगशील ना गो?"