पन्ह्याचा तो व्हिडिओ मी काढून टाकलाय

गेल्या शनिवारी आमच्या शाळेचं वनभोजन होतं. पन्ह्याचा व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला, कौतुकही केलं... तो मी आज काढून टाकला. का, ते सांगायची लाज वाटते, पण सांगते.

माझी शाळा भामरागडकडच्या एका बेटावर आहे. दोन्ही बाजूंनी नदी, मधे माडिया लोकांचं छोटंसं गाव, आणि पहिली ते चौथीला मिळून मी एकटी. मूळची मी ब्रह्मपुरीची. इथे येऊन दोन वर्षं झाली.

तर शनिवारी पोरांना डोंग्यातून पलीकडच्या काठावर नेलं. वाळूत काडीने अक्षरं काढली, पानं ओळखायचा खेळ झाला, भात आणि आलू-वांग्याची भाजी झाली. खेळात मी सपशेल हरले आणि पोरं पोट धरून हसली.

तिथे आंब्याचं मोठं झाड आहे. खाली कैऱ्या पडलेल्या... आणि एकही पोर वाकून कैरी उचलेना. आम्ही लहानपणी तिखट-मीठ खिशात घेऊनच फिरायचो! मला वाटलं, ही माझी शिस्त. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग मीच कैऱ्या गोळा केल्या, चुलीत भाजल्या, गूळ घालून पन्हं केलं. पोरांना रांगेत बसवलं, हातात ग्लास दिले, मोबाईल सुरू केला. पण कुणी पिईना.

चौथीतली जैनी माझी दुभाषी. लहानांचं माडिया मला सांगायचं आणि माझं मराठी त्यांना, हे काम तिचं. ती हळूच म्हणाली, "मॅडम, आज नाई. मंग पिऊ."

मला रागच आला. एवढ्या उन्हात चुलीशी बसून केलेलं, आणि यांचे नखरे... "तू तरी पी, जैनी. सगळ्यात मोठी ना तू?" जरा आवाज चढवूनच बोलले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ग्लास रिकामा केला. बाकीच्यांनी नुसता ओठांना लावला. मला तेवढं पुरे होतं, व्हिडिओ छान आला.

सोमवारी जैनी शाळेत नव्हती. मंगळवारीही नाही. पोरांना विचारलं तर सगळी जमिनीकडे बघत बसली. शेवटी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले.

तिचे बाबा अंगणात बांबू सोलत होते. मला खाट दिली, पाणी दिलं. मग म्हणाले, "पंडुम झाला नाई ना मॅडम अजून. गाव पयले देवाले मरका देते, मंग आमी खातो. त्याच्या आंधी कोनी तोंडाले लावत नाई."

मरका म्हणजे आंबा. पंडुम म्हणजे सण, आणि हा आंब्याचा. दोन वर्षं मी त्या सणाची सुट्टी देत होते... आणि पंडुम कशाचा, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"पोर चुकली, म्हणून घरीच ठेवली," ते पुढे म्हणाले. "सांगून राह्यली का तहान लागली म्हणून चोरून पेली. मॅडमले मालूमच नाई म्हणे."

जैनी दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघून बारीकशी मान हलवली... सांगू नका म्हणून. मला त्या खाटेवर बसवेना.

मी सगळं सांगितलं. तिने नाही म्हटलं होतं, मीच प्यायला लावलं, तेही व्हिडिओसाठी. बाबांनी हातातला बांबू खाली ठेवला. मग मला आणि जैनीला घेऊन गायत्याकडे, म्हणजे गावाच्या पुजाऱ्याकडे गेले. तिथेही मी तेच सांगितलं.

गायता म्हातारा माणूस. रागावला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. एवढंच विचारलं, "तुमी पेल्या का?" मी नव्हते प्याले. मी मोबाईल धरून होते.

पंडुमात पोरी नव्या टोपल्यांतून कैऱ्या देवाकडे नेतात. यंदा त्यांत जैनीचा नंबर लागला होता. गायता म्हणाला, "पोरीवर राग नाई कोनाचा. पन यंदा टोपली नाई. पुढच्या साली घेईन ते पोरगी." पुढच्या साली जैनी पाचवीला आश्रमशाळेत असेल, तिकडे दूर. पंडुमाला तिला सुट्टी मिळेल का, मला माहीत नाही.

आमच्या घरी बुद्धपौर्णिमेची खीर वंदना झाल्याशिवाय कुणी चाखतसुद्धा नाही. लहानपणी मी पातेल्याभोवती घुटमळायचे, पण बोट लावायची हिंमत नव्हती. म्हणजे मला हे न कळण्यासारखं काहीच नव्हतं. मी फक्त पोरांचं "नाई" ऐकलं नाही.

परत येताना जैनीला विचारलं, खोटं का सांगितलंस?

"आंधीचे गुरुजी भांडून चालले गेले," ती म्हणाली. "मंग शाळा बंदच होती. तुमी बी गेल्या तं?"

माझ्या लाइक्ससाठी ती पन्हं प्यायली, आणि शाळेसाठी तिने दोष अंगावर घेतला... दहा वर्षांची पोर.

काल पंडुम झाला. टोपल्या घेतलेल्या पोरी पुढे गेल्या, जैनी मागे माझ्याशेजारी उभी राहिली. तिची माफी मागायची होती मला, तिच्या भाषेत. तेवढं एक वाक्य मला येत नव्हतं, आणि असं काही अडलं की मी जिला विचारते, ती माझ्याच शेजारी उभी होती.